रोज तीच झाडं बघून कंटाळा येत नाही का?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारी व्यक्ती आयटीत आहे, राहायला डोंबिवलीला, घरात कुंड्या भरपूर, आणि आता डोक्यात आहे की एखाद्या बोटॅनिकल गार्डनमध्ये काम करावं. घरचे म्हणतात माळीकाम करायला इंजिनिअर झालास का. आणि स्वतःलाही धाकधूक आहे की रोज त्याच झाडांना पाणी घालून सहा महिन्यांत वैताग आला तर? म्हणून या कामात रोजची मजा नेमकी कसली असते ते कुणीतरी अनुभवातून सांगा, असं विचारलंय.

मी मुंबईतल्या एका संस्थेच्या आवारातली जुनी बाग बघते, बरीच वर्षं झाली. डिग्री हॉर्टिकल्चरची आहे पण काम शिकले ते आमच्या माळीकाकांकडून, ते मूळचे कणकवलीकडचे, आणि शेड नेटमधल्या, म्हणजे सावलीसाठी जाळी बांधलेल्या भागातल्या मावशींकडून, ज्यांना बोटॅनिकल नावं सांगता येत नाहीत पण कुंडी नुसती उचलून वजनावरून सांगतात की हिला आज पाणी नको.

आधी कंटाळ्याचं सांगते. पाणी घालायचा कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. मे महिन्यात भर दुपारी पाईप ओढत फिरायचं, पाईपला पीळ पडलेला, नळाला प्रेशर नाही, घामाने चष्मा घसरतोय, त्यात कुणीतरी येऊन विचारतं की मॅडम इथे सेल्फी पॉइंट कुठे आहे. अशा वेळी नोकरी सोडावीशी वाटते. पण झाडांचा कंटाळा अजूनपर्यंत आलेला नाही आणि त्याचं कारण माझ्या मते एकच आहे, की बागेत उद्या काय होणार आहे ते आम्हाला आदल्या दिवशी माहीत असतं. व्हिजिटर येतो तेव्हा झाड फुललेलं असतं किंवा नसतं, फुललेलं असलं तर फोटो काढतो, नसलं तर पुढे जातो. आम्ही ती कळी आठवडाभर बघत असतो, आज देठ वाकला म्हणजे परवा उमलणार असा अंदाज बांधतो, काका वेगळा अंदाज सांगतात, मावशी तिसराच, आणि मग परवा सकाळी गेटमधून आत आल्याआल्या चहा न पिता आधी तिकडे जायचं. कुणाचा अंदाज बरोबर आला यावरून आमच्याकडे वडापावची पैज लागते आणि बहुतेक वेळा काका जिंकतात.

आता हा अंदाज बांधणं मुंबईत अवघड का आहे ते जरा नीट सांगते, कारण खरी गोम तिथेच आहे. आपण म्हणतो ट्रॉपिकल गार्डन, पण ट्रॉपिकल म्हणजे सगळीकडे एकच हवा नसते. सिंगापूरचं बोटॅनिक गार्डन जगप्रसिद्ध आहे, १८५९ चं, २०१५ मध्ये त्याला युनेस्कोचा वारसा दर्जा मिळाला. तिथे वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मुंबईतही तेवढाच पडतो, उलट उपनगरांत थोडा जास्तच. फरक एवढाच की सिंगापूरला तो बाराही महिने थोडा थोडा पडतो आणि आपल्याकडे जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ओतला जातो, बाकी आठ महिने ठणठणीत. म्हणजे विषुववृत्ताजवळच्या जंगलातलं झाड मुंबईत आणून लावलं की चार महिने त्याची मुळं पाण्यात कुजायचा धोका आणि आठ महिने सुकायचा धोका. आमचं अर्धं काम म्हणजे पावसाळ्यात पाणी काढून देणं आणि नंतर पाणी टिकवणं, बुंध्याभोवती आळी करणं, पालापाचोळा पसरणं, बस.

पण बरीच झाडं स्वतःच जुळवून घेतात आणि स्वतःचं वेळापत्रक नव्याने बसवतात, ते बघण्यासारखं असतं. गुलमोहर घ्या. सगळ्यांना वाटतं आपलाच, पण तो मूळचा मादागास्करचा, विषुववृत्ताच्या पलीकडचा, जिथे उन्हाळा डिसेंबरात असतो. मॉरिशसला अजूनही तो ख्रिसमसच्या आसपास फुलतो, आणि इथे त्याने मे पकडलाय. त्याच मादागास्करचा कोल्व्हिलिया, पानं इतकी गुलमोहरासारखी की फूल नसताना भलेभले फसतात, पण तो आपल्याकडे फुलतो पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, मखमली केशरी कळ्यांचे लांबलचक घोस खाली लोंबतात. कुणी सप्टेंबरात सांगितलं की गुलमोहराला अवेळी फुलं आलीत तर मी आधी विचारते, घोस लोंबतायत का?

ज्यांना बाग बघायची सुरुवातच करायचीये त्यांनी आधी राणीच्या बागेत जावं. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. लोक तिथे पेंग्विन बघायला जातात, पण ती मुळात झाडांची बाग आहे, १८६२ सालची, प्राणी नंतर आले. गोरखचिंच म्हणजे बाओबाब, उर्वशी, कैलासपती, सीताअशोक, असली झाडं तिथे आहेत आणि त्यातली बरीचशी शहरात इतरत्र सहज दिसत नाहीत. बुधवारी बंद असते, नेमकं बुधवारी जाऊन गेटवरून परत आलेले लोक मला माहीत आहेत.

गोरखचिंचेवरून आठवलं. हे झाड आफ्रिकेचं, उन्हाळ्यात पूर्ण निष्पर्ण, नुसतं जाड खोड, लोक विचारतात मेलंय का. मग पावसाच्या तोंडावर पालवी येते आणि लांब देठांवर कळ्या लोंबायला लागतात, हिरव्या, गोल. फूल उमलतं संध्याकाळी सूर्य मावळल्यावर, आणि ते डोळ्यांसमोर उमलतं, म्हणजे खरंच हालचाल दिसते, जाड पाकळ्या मागे वळतात आणि आतला पुंकेसरांचा पांढरा झुबका बाहेर येतो. वास काही फार चांगला नसतो, जरा आंबूस, पण तो आपल्यासाठी नाहीच, वटवाघळांसाठी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल मलूल झालेलं असतं आणि पुढे खाली पडतं. ड्युटी पाचला संपते, पण जूनमध्ये आमच्यातले दोघं-तिघं उगाच काहीतरी काम काढून थांबतात आणि कुणी कुणाला विचारत नाही की का थांबलात.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, व्हॅनिला. हिच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

व्हॅनिला म्हणजे ऑर्किडचा वेल, मूळचा मेक्सिकोचा. आमच्याकडे शेड नेटमध्ये गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) खांबांवर चढवलाय. वेल वर वर गेला की फुलत नाही, म्हणून त्याला वळवून पुन्हा कमरेएवढ्या उंचीवर खाली आणायचा, आणि थंडीच्या दिवसांत पाणी थोडं तोडायचं, मग वळणाच्या पुढे कळ्यांचे गुच्छ येतात. एका गुच्छात पंधरा-वीस कळ्या असतात आणि रोज एखाद-दुसरीच उमलते. फूल हिरवट पिवळं, दिसायला साधंच. पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मान टाकतं. एवढ्याच वेळात परागीकरण झालं तर शेंग, नाहीतर फूल गळणार. मेक्सिकोत ते काम तिथल्या मधमाश्या करतात, इथे ते आपल्याला हाताने करावं लागतं. ही हाताने करायची पद्धत १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या मुलाने शोधली, तो तेव्हा फक्त १२ वर्षांचा होता आणि गुलाम होता. आज जगात जी नैसर्गिक व्हॅनिला मिळते तिच्यातली जवळजवळ सगळी त्याच्या पद्धतीने होते.

पद्धत अशी. डाव्या हातात फूल धरायचं, नळीसारखी जी पाकळी असते ती टूथपिकने हळूच चिरायची म्हणजे आतला दांडा उघडा पडतो. त्या दांड्याच्या टोकाला टोपीसारखं परागकोश आणि त्याच्या खाली स्त्रीकेसराचा चिकट भाग, आणि दोघांच्या मधे एक बारीक पडदा. तो पडदाच सगळी अडचण आहे. टूथपिकने पडदा वर उचलायचा, तसाच धरून ठेवायचा आणि अंगठ्याने वरचा पराग खाली चिकट भागावर टेकवायचा, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. मग टूथपिक काढून घ्यायची. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम आहे पण पहिल्यांदा करणाऱ्याचा हात थरथरतो, श्वास रोखला जातो. मावशी बांगड्या वर सारून एका दमात दहा फुलं करतात आणि तोंडाने सुनेची तक्रार चालू असते.

आणि मग दुसरा दिवस. काम जमलं असेल तर फूल सुकतं पण गळत नाही, देठाला तसंच चिकटून राहतं. नसेल जमलं तर बोट लावलं की खाली. त्यामुळे सकाळी येऊन प्रत्येक फुलाला हलकेच बोट लावून बघायचं, हा आमच्याकडचा निकाल. एका गुच्छात आठ-दहा शेंगा झाल्या की थांबायचं, वेलाला जास्त भार झेपत नाही. शेंग पिकायला पुढे आठ-नऊ महिने, आणि गंमत म्हणजे हिरव्या शेंगेला काडीचाही वास नसतो, तो येतो नंतर, गरम पाण्यात बुडवून, घाम आणून, सुकवून. शाळेची मुलं येतात तेव्हा मी हिरवी शेंग हुंगायला देते, सगळी मुलं नाक लावतात आणि नाराज होतात, मग तयार काळी शेंग डबीतून काढते.

सगळेच वास असे चांगले नसतात. सुरण माहितीये ना, आपण खातो तो. त्याचा मोठा कंद जमिनीत राहिला तर पावसाच्या आगेमागे पानाच्या आधी त्याला फूल येतं, जमिनीतून एकदम वर, जांभळट तपकिरी, कडेला झालर आणि मधे सुरकुतलेला गोळा. पहिल्या संध्याकाळी ते फूल स्वतः तापतं, हात जवळ नेला की ऊब जाणवते, आणि सडलेल्या मांसाचा वास सोडतं म्हणजे त्यावर बसणारे किडे येतात. आमच्याकडे एकदा ऑफिसच्या खिडकीखालीच आलं. दोन खोल्यांतली कपाटं सरकवून झाली, वॉचमनने मेलेला उंदीर शोधायला माळा उपसला, आणि काका खाली कुदळीवर हात ठेवून गालातल्या गालात हसत उभे, कारण त्यांना चार दिवस आधीपासून माहीत होतं. सांगितलं का नाही म्हणून विचारलं तर म्हणाले, "विचारल्यात खंय?"

वासांचं एक कॅलेंडरच असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरंगी, त्याच सुमाराला जंगली बदामाची फुलं, ज्यांच्या घाण वासामुळे आसपासची सोसायटी ड्रेनेज चोकअप झाल्याची तक्रार करते. मग अनंत. पाऊस गेला की सातवीण, जिच्या वासाने काहींचं डोकं दुखतं आणि मला मात्र तो आला की दिवाळी आली असं वाटतं.

छोट्या गोष्टी खूप असतात, सगळ्या सांगत बसत नाही, पण दोन-तीन सांगते. सीतेची वेणी हे आपल्या सह्याद्रीतलंही ऑर्किड, ते आम्ही आंब्याच्या खोडाला काथ्याने बांधलंय, माती अजिबात नाही. त्याची मुळं हवेत लोंबतात, सुकी असताना राखाडी-चंदेरी दिसतात, आणि पाण्याचा फवारा मारला की बघता बघता हिरवी होतात. इतकी वर्षं झाली तरी मी दर वेळी थांबून बघतेच. दुसरं, सीताअशोकाची कोवळी पालवी. ती ताठ येत नाही, तांबूस-चॉकलेटी रंगाचे मऊ लोंबते झुबके येतात, अगदी निर्जीव वाटतात, आणि मग काही दिवसांत रंग हिरवा होऊन पानं ताठ होतात. दर सीझनला कुणीतरी भला माणूस येऊन सांगतो की ते झाड सुकतंय, पाणी घाला. उर्वशीचंही तसंच. बाय द वे, रस्त्याकडेला उंच सरळ खांबासारखा जो अशोक म्हणून लावतात तो खरा अशोक नाही, पण तो वाद आत्ता नको.

तिसरी गोष्ट बांडगुळाची, आणि इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. बांडगूळ झाडाचा रस शोषतं हे खरं, आणि फळबागेत ते काढलंच पाहिजे. पण आमच्या एका जुन्या आंब्यावर आम्ही मुद्दाम थोडं ठेवलंय. त्याची फळं फुलटोच्या खातो, अंगठ्याएवढा पक्षी, पण त्याचं बी इतकं चिकट असतं की ते त्याच्या बुडाला चिकटून राहतं आणि ते सोडवायला तो फांदीवर बूड घासतो, झालं, बी नवीन फांदीवर लागलं. आणि हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू अंडी घालतं ती बांडगुळाच्याच पानांवर, एकदम गठ्ठ्याने, सुरवंटही सगळे एकत्र रांगेत बसून खातात. पंखाची खालची बाजू पिवळी आणि कडेला लाल ठिपके. बांडगूळ साफ केलंत तर हे सगळं गेलं. छाटणीला आलेल्या माणसांना मी खाली उभी राहून दाखवते की एवढी फांदी सोडा, ते माझ्याकडे वेड्यासारखं बघतात आणि सोडतात.

सावलीबद्दलही लिहिते कारण यात मुंबईकरांचं नुकसान होतं. आपण साधारण १९ अंश उत्तरेला आहोत, म्हणजे कर्कवृत्ताच्या खाली. त्यामुळे वर्षातून दोन वेळा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावलीच पडत नाही. मेमध्ये आम्ही बागेत बांबू रोवून मुलांना दाखवतो, जुलैत ढगांमुळे बहुतेक दिसत नाही. पण खरी गोष्ट या दोन तारखांच्या मधल्या दिवसांची आहे. तेव्हा दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे भिंतीची जी उत्तरेची बाजू वर्षभर सावलीत असते, जिथे आपण विश्वासाने फर्न आणि अँथुरियम ठेवतो, तिथे ऐन मेमध्ये ऊन येतं आणि पानं करपतात. लोक म्हणतात खत जास्त झालं, रोग पडला. रोगबिग काही नाही, कुंडी दोन फूट आत घ्या. आम्ही एप्रिल संपायच्या आत त्या बाजूला जादा शेड नेट बांधून घेतो.

दुःखाचे दिवसही आधीच कळतात, हे मात्र आहे. भेर्ली माड म्हणजे माशाच्या शेपटीसारखी पानं असलेला माड, तो आयुष्यभर नुसता वाढतो आणि एक दिवस शेंड्याजवळ पहिला फुलोरा टाकतो. मग त्याच्या खाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा, असा वरून खाली येत जातो, काही वर्षं चालतं, आणि सगळ्यात खालचा झाला की माड मरतो. त्यामुळे पहिला फुलोरा आला की व्हिजिटर म्हणतात वा, काय सुंदर तुरे, आणि काका त्याच आठवड्यात शेजारी नवीन रोप लावून घेतात.

आणि कामाची जी बाजू फोटोत येत नाही तीही ऐका. पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी येतात, रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचाव्या लागतात, दुसरा उपाय तितका चालत नाही. पिठ्या ढेकूण ही कीड आहे, मुंबईत कितीतरी पर्जन्यवृक्ष (रेन ट्री) जिने खिळखिळे केले तीच. डास आहेत. पावसाआधी छाटणी झाली नाही तर वादळी वाऱ्यात फांदी कुणाच्या गाडीवर पडेल या विचाराने झोप लागत नाही. कुणीतरी ठेकेदार येतो आणि फरशी बसवताना झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आणून भिडवतो, मग छिन्नीने ते फोडत बसा. लेबल खिळ्याने ठोकणारे वेगळेच. त्यांना वाटतं झाड वाढलं की पाटी वर जाईल. पाटी जिथल्या तिथे राहते, झाड उंच होतं ते शेंड्याकडून, पण खोड जाड होत जातं आणि पाटी कडेने गिळून टाकतं. स्प्रिंग लावून तार बांधा, खोडाबरोबर ती सैल होत जाते. आणि पगार, आयटीवाल्याने तर विचारूच नये.

तरीही यायचंच असेल तर माझा सल्ला असा. एकदम नोकरी सोडू नका. डिग्री हवी असेल तर दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, पण त्याआधी वर्षभर दर आठवड्याला एकाच बागेत जा, पाच झाडं निवडा, त्यातलं एक तरी पानझडीचं आणि एक तरी परदेशी असू द्या, आणि दर खेपेला फोनवर दोन ओळी लिहा, कळी, पालवी, शेंग, कोण पक्षी बसलाय, जे दिसेल ते. शेवटी एक ओळ अंदाजाची, की पुढच्या वेळी काय दिसेल. फेब्रुवारीत सुरू केलंत तर उत्तम, कारण फेब्रुवारी ते जून मुंबईतली झाडं एवढी बदलतात की लिहायला काही नाही असं होतच नाही. वड-पिंपळ पानं टाकतात आणि लगेच नवी घेतात, सावर, पांगारा, बहावा, ताम्हण ओळीने येतात. अंदाज बरोबर यायला लागले आणि तुम्ही ते कुणाला तरी फोन करून सांगायला लागलात तर समजा तुमचं या कामात निभेल. नुसती फुलं बघून बरं वाटत असेल तर नोकरी चालू ठेवा आणि रविवारी बागेत या, त्यातही काही कमीपणा नाही, आमची निम्मी बाग रविवारच्या माणसांच्या जिवावर चालते.

मग सुट्टीच्या दिवशी एखाद्या नर्सरीत काम मागा. सुरुवातीला कुंड्या भरायला देतील, भरा, तक्रार करू नका. लाल माती, शेणखत आणि कोकोपीट यांचं प्रमाण प्रत्येक झाडाला वेगळं असतं आणि ते पुस्तकापेक्षा मुठीत धरून लवकर कळतं, मूठ उघडल्यावर गोळा राहिला पण बोटाने टोचल्यावर फुटला तर मिश्रण बरोबर. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्वतःचा घ्या, चांगल्यातला घ्या, आणि कुणाला वापरायला देऊ नका. गमबूट मेमध्येच घेऊन ठेवा, जूनमध्ये दादरला आपल्या मापाचे मिळत नाहीत.